हौशी सायकल संघ आणि हिवाळी शर्यती : बेंगळूरुचा अनुभव

(व्याख्यानाचा मजकूर)



२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. स्वयंचलित दुचाकी त्या वेळी सुमारे एकवीस टक्के कुटुंबांकडे होती आणि मोटारगाडी पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. ज्या देशात जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या घराच्या भिंतीला सायकल टेकलेली असते, त्या देशाला सायकलिंगमध्ये ऑलिंपिकचे एकही पदक मिळू नये, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे. भारतीय सायकलिंग महासंघाची स्थापना १९४६ सालची, म्हणजे संघटना स्वातंत्र्याहूनही जुनी. कनिष्ठ गटातील जागतिक ट्रॅक स्पर्धेत भारताला पहिले पदक मिळाले ते मात्र २०१८ साली, एसो अल्बनच्या रौप्यपदकाच्या रूपाने. आणि पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये फ्रँकफुर्ट येथे, कनिष्ठ संघाने सांघिक स्प्रिंट प्रकारात सुवर्णपदक मिळवले. वाहन घरोघरी असणे आणि त्या वाहनाचा खेळ होणे, या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर आहे. हे अंतर कोण आणि कसे भरून काढतो, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम 'हौशी' या शब्दाचा विचार करू. मराठी माणसाला हा शब्द रंगभूमीमुळे परिचित आहे. बँकेत, कचेरीत वा शाळेत दिवसभर काम करून रात्री तालमीला बसणारा नट म्हणजे हौशी नट. राज्य नाट्यस्पर्धा अशाच मंडळींनी उभी केली. सायकलिंगमध्ये या शब्दाला मात्र दीर्घकाळ कायद्याचे स्वरूप होते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटना १९०० साली पॅरिस येथे स्थापन झाली. ऑलिंपिक चळवळीला तेव्हा पैशासाठी खेळणारा खेळाडू वर्ज्य होता, त्यामुळे १९६५ मध्ये या संघटनेच्या हौशी आणि व्यावसायिक अशा दोन वेगळ्या शाखा कराव्या लागल्या. १९९२ मध्ये त्या पुन्हा एकत्र आल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून रस्त्यावरील शर्यतींत व्यावसायिकांना प्रवेश मिळाला. त्या दिवसापासून 'हौशी' हा नियमपुस्तिकेतील वर्ग राहिला नाही. तो केवळ खेळाडूच्या उपजीविकेचा प्रश्न उरला.

भारतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे युरोपीय अर्थाने व्यावसायिक सायकल संघ जवळजवळ नव्हतेच. राष्ट्रीय स्पर्धेत जे वर्षानुवर्षे वर्चस्व गाजवतात, ते प्रामुख्याने रेल्वे आणि सेनादलाचे खेळाडू. त्यांना नोकरी आहे, सरावासाठी वेळ आहे, प्रशिक्षक आहे. कागदोपत्री ते कर्मचारी, प्रत्यक्षात पूर्णवेळ खेळाडू. याला दोष देण्याचे कारण नाही. किंबहुना ग्रामीण भागातील मुलामुलींसाठी क्रीडा कोट्यातील नोकरी हीच या खेळातील सर्वांत मोठी, आणि बहुधा एकमेव, प्रेरणा राहिली आहे. परंतु या व्यवस्थेबाहेरच्या माणसाने सायकल शर्यतीत उतरावे तरी कसे, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही.

ते उत्तर शोधण्याचा एक गंभीर प्रयत्न बेंगळूरुत झाला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असल्याने हवा वर्षभर सोसवणारी असते. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे देशभरातील तरुण अभियंते येथे स्थायिक झाले. त्यांपैकी काहींनी परदेशात शिकताना वा काम करताना क्लबच्या शर्यती पाहिल्या होत्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे सायकलस्वारांचे गट जमू लागले. पहाटे निघून नंदी टेकडीचा चढ चढायचा आणि कामाच्या वेळेआधी परतायचे, असा त्यांचा क्रम असे. १,४७८ मीटर उंचीची ही टेकडी या शहराच्या सायकलस्वारांची तालीमच म्हणता येईल. २००९ पासून 'बंगलोर बायसिकल चॅम्पियनशिप्स' ही हौशी शर्यतींची मालिका सुरू झाली. ती स्वयंसेवकांच्या बळावर चालली. एका शर्यतीत स्पर्धक असलेला माणूस पुढच्या शर्यतीत वळणावर शिट्टी घेऊन उभा असे. एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याची कालचाचणी, सांघिक कालचाचणी, डोंगरचढाई, बंदिस्त मार्गावरील फेऱ्यांची शर्यत असे निरनिराळे प्रकार तिने रुजवले. सायकलच्या दुकानांच्या आधाराने संघ उभे राहिले आणि संघासंघांत खरी चुरस निर्माण झाली.

हिवाळ्याशी या शहराचे नाते जोडले ते 'टूर ऑफ नीलगिरीज' या उपक्रमाने. २००८ च्या डिसेंबरमध्ये बेंगळूरुतील 'राइड अ सायकल फाउंडेशन' या संस्थेने तो सुरू केला. कर्नाटक, तामिळनाडू व केरळच्या डोंगराळ प्रदेशातून आठवडाभर चालणाऱ्या या मोहिमेत पुढे ठराविक टप्प्यांवर वेळ मोजून स्पर्धाही घेतली जाऊ लागली. मसिनगुडीहून उटीकडे चढणारा कल्हट्टी घाट, त्याची छत्तीस नागमोडी वळणे, हा तिचा सर्वांत खडतर टप्पा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाला जे स्थान आणि तो सर्वप्रथम चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून जो मान, तसेच काहीसे दक्षिणेत कल्हट्टीचे आहे.

या वातावरणातून जे खेळाडू पुढे आले त्यांत नवीन जॉन यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. अभियांत्रिकी शिकण्यासाठी ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात गेले, तेथे विद्यार्थीदशेत शर्यतींकडे वळले, आणि परतल्यावर बेंगळूरुच्या हौशी संघातून खेळू लागले. २०१४ मध्ये त्यांनी वैयक्तिक कालचाचणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. रेल्वे वा सेनादलाच्या पाठबळाशिवाय हे घडले, यात त्या यशाचे महत्त्व आहे. २०१६ साली दोहा येथील जागतिक रस्ता-सायकलिंग स्पर्धेत चाळीस किलोमीटरच्या कालचाचणीसाठी अरविंद पंवार आणि नवीन जॉन हे दोघे भारताकडून उतरले. पंवार प्रस्थापित राष्ट्रीय व्यवस्थेत घडलेले, तर जॉन शहरी हौशी क्लबातून आलेले. दोन वेगळ्या वाटा एका प्रारंभरेषेवर येऊन मिळाल्या.

महाराष्ट्रातही हौशींचा वाटा मोठा आहे. अमेरिकेचा पूर्व-पश्चिम विस्तार ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पार केली. हे चौघेही डॉक्टर. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात सराव करणारे.

तरीही बेंगळूरुच्या चित्राची दुसरी बाजू दडवून चालणार नाही. त्याच कर्नाटकात, बेंगळूरुच्या उत्तरेस पाचशे किलोमीटरवर, विजापूर आणि बागलकोट हे जिल्हे आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता, आणि जमखंडी तर पटवर्धनांचे संस्थान. सोलापूर-सांगलीच्या वाचकाला तो परका वाटू नये. हा भाग दीर्घकाळ राज्यातील सायकलपटूंची खाण मानला जातो. गावोगावच्या शर्यती, सपाट लांबच लांब रस्ते, क्रीडा वसतिगृहे आणि आधीच्या पिढीतील खेळाडूला मिळालेली नोकरी पाहून सायकल मागणारी पुढची पिढी, यांतून ही परंपरा तयार झाली. येथील मूल शेतकरी वा मजुराच्या घरातून येते. बेंगळूरुच्या हौशी स्पर्धकाची आयात केलेली कार्बन सायकल मात्र एखाद्या चांगल्या मोटारसायकलीहून महाग असू शकते. एकाच्या लेखी शर्यत ही नोकरी सांभाळून करायची हौस आहे, दुसऱ्याच्या लेखी ती नोकरीकडे नेणारी वाट आहे. राज्य स्पर्धेच्या निकालपत्रात दोघांची नावे एकाखाली एक येतात, परंतु हरण्याची किंमत दोघांना सारखी मोजावी लागत नाही. हौशी चळवळीचे कौतुक करताना ही विषमता विसरली जाते आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत तर ती सहसा दिसतच नाही.

आता ज्या क्रीडाप्रकाराचा येथे विशेष विचार करावयाचा आहे, त्याकडे वळू. तो म्हणजे सायक्लोक्रॉस. भारतात राष्ट्रीय स्पर्धा प्रामुख्याने रस्ता, ट्रॅक आणि माउंटन बाईक या तीन प्रकारांत होतात. सायक्लोक्रॉस अजून येथे रुजलेला नाही. युरोपात, विशेषतः बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये, तो हिवाळ्याचा लोकप्रिय खेळ आहे. रस्त्यावरील शर्यतींचा हंगाम शरद ऋतूत संपला की शरीर तापते ठेवण्यासाठी स्वार शेतातून, बांधावरून, कुंपणे ओलांडून शेजारच्या गावापर्यंत शर्यत लावीत, अशी त्याची मूळ कथा सांगितली जाते. फ्रान्समध्ये १९०२ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यामागे डॅनिएल गुसो या सैनिकाचा पुढाकार होता. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझ याने आपल्या यशाचे श्रेय या हिवाळी सरावाला दिल्यानंतर त्याचा बोलबाला झाला. पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली आणि ती फ्रान्सच्या जाँ रोबिकने जिंकली. १९६७ ते १९९३ या काळात जागतिक स्पर्धेत हौशी व व्यावसायिक यांच्यासाठी स्वतंत्र शर्यती होत्या. महिलांची जागतिक स्पर्धा सुरू होण्यास मात्र २००० साल उजाडावे लागले. बेल्जियमच्या एरिक डी व्लेमिंकचा सात विजेतेपदांचा विक्रम दीर्घकाळ अबाधित होता. नेदरलँड्सच्या माथ्यू व्हान डर पूलने २०२५ मध्ये त्याची बरोबरी केली. महिलांमध्ये त्याच्याच देशाच्या मारियाने व्होसने आठ वेळा जेतेपद मिळवले आहे.

या शर्यतीची रचना समजून घेण्याजोगी आहे. मार्ग अडीच ते साडेतीन किलोमीटरचा, स्वतःकडे परत येणारा. त्यात गवत, चिखल, वाळू, चढ, पायऱ्या आणि जास्तीत जास्त चाळीस सेंटिमीटर उंचीच्या फळ्या. शर्यत अंतराची नसून वेळेची असते. वरिष्ठ पुरुष गटात साधारण एक तास. आरंभीच्या फेऱ्यांना लागलेल्या वेळेवरून एकूण फेऱ्या ठरवतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते. जेथे सायकल चालवता येत नाही तेथे उतरून, ती खांद्यावर घेऊन धावावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. रस्त्यावरच्या सायकलच्या मानाने त्यात हवेचा दाब फारच कमी ठेवतात. याचे भौतिकशास्त्र सोपे आहे: स्वाराचे वजन तेच असताना दाब कमी केला की टायर चपटा होऊन जमिनीशी संपर्काचे क्षेत्रफळ वाढते, टायर जमिनीच्या उंचसखलपणाला बिलगतो आणि चिखलात पकड मिळते. दाब अति कमी केल्यास मात्र टायर दगडावर आपटून फुटतो. हा समतोल मार्ग पायी पाहून, बोटांनी टायर दाबूनच साधतात.

खेळ वैयक्तिक असला तरी येथे संघ नसेल तर एकट्याचे भागत नाही. मार्गालगत ठरवून दिलेल्या जागेत स्वाराला सायकल बदलता येते. एक सायकल चिखलाने भरली की ती टाकून दुसरी घ्यायची, आणि पुढच्या फेरीपर्यंत सहकाऱ्याने पहिली धुऊन, तेल घालून सज्ज ठेवायची. हौशी संघात हे काम आधीच्या गटात शर्यत संपवलेला मित्र, भाऊ वा आई-वडील करतात. दिवसभरात वयोगटांनुसार शर्यती होत असल्याने सकाळी धावलेला चाळिशीतला गृहस्थ दुपारी वीस वर्षांच्या मुलीची सायकल धुताना दिसतो. मागे पडणाऱ्यांसाठी एक कठोर नियम आहे: आघाडीवीराच्या पहिल्या फेरीच्या वेळेपेक्षा ऐंशी टक्क्यांनी मागे पडलेल्या स्वाराला पंच बाहेर काढतात. जागतिक दर्जाच्या स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्या देशाच्या स्वारांना या नियमाची झळ आधी लागते.

असा खेळ बेंगळूरुच्या वा पुण्याच्या हौशी संघांना का उपयुक्त ठरावा? पहिले कारण सुरक्षिततेचे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. अशा रस्त्यांवर साठ-सत्तर किलोमीटरची शर्यत घ्यायची तर पोलिसांची परवानगी, वाहतूक अडवणे, प्रत्येक चौकात माणूस आणि मार्गभर रुग्णवाहिका यांची व्यवस्था लागते. स्वयंसेवी संस्थेला हे पेलणे अवघड जाते; म्हणूनच हौशी रस्ता-शर्यती पहाटेच्या अंधारात, शहराबाहेर उरकाव्या लागतात आणि तेथे प्रेक्षक पोचत नाही. तीन किलोमीटरचा मार्ग एखाद्या विद्यापीठाच्या आवारात, कृषी महाविद्यालयाच्या पडीक जमिनीवर वा मोठ्या मैदानाच्या कडेने आखता येतो. एक रुग्णवाहिका पुरते. प्रेक्षकाला एकाच जागी उभे राहून स्वार पुनःपुन्हा दिसतात. वेग कमी असल्याने पडले तरी इजा सहसा किरकोळ होते.

दुसरे कारण खर्चाचे, पण येथे थोडे सावध राहिले पाहिजे. वरिष्ठ स्पर्धेत दोन-दोन सायकली लागतात, तेव्हा हा खेळ स्वस्त आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र परदेशांतील स्थानिक शर्यतींत साध्या माउंटन बाईकलाही सहसा मुभा असते. आपल्याकडे त्याच सूत्राने, देशी बनावटीच्या सायकलीवर शालेय गटाच्या शर्यती घेतल्या, तर विजापूरच्या मुलाला आणि बेंगळूरुच्या अभियंत्याला वेगळे करणारा कार्बनचा अडसर पुष्कळसा दूर होईल. चिखलात खांद्यावर सायकल घेऊन धावताना महागड्या चाकांपेक्षा शेतात वाढलेल्या पायांचा उपयोग अधिक. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. साध्या सायकलीच्या ग्राहकाला त्याचा लाभ होतो.

अडचण आहे ती भूगोलाची. युरोपात हिवाळा म्हणजे पाऊस आणि चिखल. बेंगळूरुचा डिसेंबर कोरडा. तेथे सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पडतो. शिवाय माती सर्वत्र सारखी नाही. बेंगळूरुच्या भोवतालची तांबडी माती पाणी लवकर निचरू देते. विजापूर-सोलापूरकडची काळी रेगूर माती ओली झाली की फुगते, चाकाला आणि ब्रेकला लिंपण बसावे तशी बसते आणि चाक फिरेनासे होते. त्यामुळे दक्षिणेतील हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस, आणि काळ्या मातीच्या प्रदेशात जमीन वाळल्यावर, हिवाळ्यात ठेवावा लागेल. युरोपचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून येथे भागणार नाही.

त्याहून मोठा प्रश्न मोकळ्या जागेचा. बेंगळूरुच्या दक्षिणेस तुरहळ्ळी हे छोटे जंगल आहे; त्याच्या पायवाटांवर माउंटन बाईकचे स्वार दीर्घकाळ सराव करत आले. २०२१ च्या आरंभी तेथे वृक्षोद्यान उभारण्याच्या प्रस्तावाला नागरिकांनी विरोध केला, तेव्हा आंदोलकांत सायकलस्वारही होते. परंतु राखीव जंगल शर्यतीसाठी नसते आणि तलावांची कोरडी पात्रेही संरक्षित असतात, हेही तितकेच खरे. खेळाच्या नावाखाली निसर्ग तुडवणे योग्य नव्हे. म्हणजे वाढत्या शहरात तीन किलोमीटरची वैध वाट शोधणे हे काम सायकलपटूंच्या आवाक्याबाहेरचे असून ते नगरनियोजनाच्या कक्षेत येते. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाच्या 'सायकल्स फॉर चेंज' आव्हानात २०२१ मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत बेंगळूरु, नागपूर आणि पिंपरी-चिंचवड यांचा समावेश होता. त्या उपक्रमाचा भर वाहतुकीवर होता. मार्ग, मैदाने आणि क्रीडा यांची सांगड घालणे बाकी आहे.

घटनात्मक बाजूही परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावी. क्रीडा हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, नोंद ३३ मध्ये येतो. केंद्र शासन राष्ट्रीय महासंघांना मान्यता, साहाय्य आणि 'खेलो इंडिया'सारख्या योजनांद्वारे या क्षेत्रात कार्य करते. २००१ च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाची जागा जुलै २०२५ मध्ये 'खेलो भारत नीती'ने घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत झाला. या सर्व रचनेत महासंघ आहे, राज्य व जिल्हा संघटना आहेत, सेनादल व रेल्वेसारखी मंडळे आहेत. क्लब मात्र जवळजवळ अदृश्य आहे. बेंगळूरुच्या संघातला स्वार वर्षभर ज्यांच्यासोबत सराव करतो त्यांच्या पोशाखात राष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकत नाही, तो राज्याचा खेळाडू म्हणून उतरतो. बेल्जियममध्ये क्लब हा पाया आहे आणि राष्ट्रीय संघ कळस. आपल्याकडे कळस आधी बांधला गेला. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी वेलोड्रोम उभा राहिला. त्यावर रोज चाके फिरत राहतील इतके क्लब जिल्ह्याजिल्ह्यांत उभे करणे हे मात्र त्या बांधकामापेक्षा कठीण काम ठरले. तीस वर्षांनंतर, जानेवारी २०२६ च्या 'पुणे ग्रँड टूर' या बहुटप्पी शर्यतीची आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दिनदर्शिकेत २.२ श्रेणीत नोंद झाली. अशा शर्यतीचा खरा लाभ पुण्याच्या, सांगलीच्या वा विजापूरच्या मुलांना किती झाला, हे त्यानंतरच्या जिल्हा स्पर्धांची नोंदणी पाहूनच सांगता येईल.

शेवटी एक मुद्दा ऑलिंपिकचा. ऑलिंपिक सनदेनुसार हिवाळी खेळ म्हणजे हिमावर किंवा बर्फावर खेळले जाणारे खेळ. सायक्लोक्रॉस हिवाळ्यात होतो, पण चिखलात. म्हणून तो ना उन्हाळी कार्यक्रमात आला, ना हिवाळी. २०३० चे हिवाळी ऑलिंपिक फ्रेंच आल्प्समध्ये व्हावयाचे ठरल्यावर त्यात हा प्रकार घ्यावा, असा आग्रह आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने धरला. हिमक्रीडा संघटनांचा अशा शिथिलतेला विरोध आहे. जर ही अट कधी सैल झाली, तर ज्या देशांच्या बहुतेक भूभागावर बर्फ पडतच नाही त्यांनाही हिवाळी ऑलिंपिकचे एक दार उघडेल. आजवर भारताचे हिवाळी खेळाडू मुख्यतः हिमाचल, काश्मीर आणि लडाखमधून, किंवा परदेशस्थ भारतीयांतून आले आहेत. चिखल आणि वाळू मात्र बेंगळूरुतही आहे, विजापुरातही आहे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तर लागेल तितकी आहे.